वाचक विचारतात : उल्मचा शहरवैद्य आणि त्याचा इसाप

गेल्या अंकात जुन्या छापील पुस्तकांवरच्या लेखात हाइनरिख श्टाइनहोवेल या पंधराव्या शतकातल्या जर्मन वैद्याचा ओझरता उल्लेख होता. दक्षिण जर्मनीतल्या उल्म शहराने नेमलेला वैद्य आणि इसापच्या कथा जर्मन भाषेत आणणारा अनुवादक एवढीच त्याची ओळख तिथे आली होती. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतले प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : वैद्यकी करणारा माणूस गोष्टींच्या भाषांतराकडे कसा वळला? त्याचे शिक्षण कुठे झाले?

त्याचा जन्म १४१२ च्या सुमारास वाइल या छोट्या शहरात झाला. आज हे गाव वाइल डेर श्टाट म्हणून ओळखले जाते. पुढे १५७१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ केप्लर जन्मला तो इथेच. श्टाइनहोवेल १४२९ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात दाखल झाला आणि १४३६ मध्ये मॅजिस्टर ही पदवी मिळवली. नंतर तो इटलीत पादुआला गेला. तिथे सुरुवात ख्रिस्ती चर्चच्या कायद्याने केली, मग वैद्यकाकडे वळला आणि १४४३ मध्ये वैद्यकाचा डॉक्टर झाला. १४४४ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठात शिकवले, मग वाइल आणि एस्लिंगेन इथे वैद्यकी केली, आणि १४५० पासून उल्मचा शहरवैद्य म्हणून तो तिथेच स्थिरावला. मृत्यूचे साल काही पुस्तकांत १४७९ तर काहींत १४८२ असे दिसेल. उतरवून घेताना दोन्ही नोंदवावीत.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर पादुआत सापडते. त्या काळी आल्प्स ओलांडून पादुआला जाणारा जर्मन विद्यार्थी नुसते वैद्यक शिकून परतत नसे. पेत्रार्क, बोकाच्चो, पोज्जो या इटालियन लेखकांचे नवे लॅटिन लेखन तो तिथेच वाचत असे, आणि त्याच्या नकला सोबत घेऊन येत असे. शिवाय वैद्याचे रोजचे कामही एका अर्थी भाषांतराचेच होते. ग्रंथ लॅटिनमध्ये, रोगी मात्र श्वाबियन, म्हणजे तिथली स्थानिक जर्मन बोली बोलणारा. ग्रंथातले वचन रोग्याला करता येईल अशा सूचनेत बदलल्याशिवाय वैद्यकीचा उपयोग नव्हता. त्याचे पहिले महत्त्वाचे जर्मन लेखन प्लेगवरचे आहे आणि गोष्टी नंतरच्या, हा क्रम ध्यानात ठेवला की त्याची गोष्टींची भाषा इतकी सरळ का, ते कळते.

प्रश्न : शहरवैद्य म्हणजे नेमके काय? त्याला रोज काय करावे लागे?

शहरवैद्याला नगरसभा ठरावीक मुदतीच्या कराराने आणि वार्षिक वेतनावर नेमत असे. रोगी पाहणे हा त्या कामाचा एक भाग. औषधविक्यांच्या दुकानांची तपासणी, साथीत नगरसभेला सल्ला आणि महारोगाच्या संशयितांची परीक्षा ही कामेही त्याच्याकडे असत.

रोगनिदानाचे मुख्य साधन मूत्रपरीक्षा. त्यासाठी गोल बुडाचे, पातळ आणि डाग नसलेल्या काचेचे भांडे लागे. सकाळचे पहिले मूत्र, खाण्यापिण्याआधी, सगळेच्या सगळे त्यात घ्यायचे. वैद्य ते एकदा ताजे पाही आणि गाळ बसू दिल्यावर पुन्हा एकदा पाही. भांड्यातल्या द्रवाचे वरून खाली चार थर मानलेले असत. वरची कड डोक्यासाठी, तिच्याखालचा थर छातीसाठी, त्याखालचा यकृत आणि पोटासाठी, तळ मूत्रपिंड आणि जननेंद्रियांसाठी. रंगांच्या तक्त्यात पाण्यासारख्या पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत वीस छटा असत.

यात चुका कुठे होत, हे त्या काळच्या ग्रंथांतच लिहून ठेवलेले आहे. रोगी घरी, वैद्य दूर आणि मध्ये भांडे घेऊन चालणारा नोकर. भांडे हिंदकळले की बसलेला गाळ पुन्हा वर येई. थंडीत मूत्र गढूळ होई आणि तो गढूळपणा रोगाचा समजला जाई. म्हणून भांडे कोमट पाण्यात धरून पुन्हा स्वच्छ होते का, ते पाहायचे. केशर किंवा रेवाचिनी पोटात गेली असेल तर रंग फसवतो, तेव्हा काल काय खाल्ले हे आधी विचारायचे. आजच्या दृष्टीने थरांचा सिद्धांत चुकीचा आहे. पण नमुना कसा घ्यावा, कसा जपावा आणि काय विचारावे ही शिस्त मोलाची होती.

औषधविक्याच्या दुकानात वैद्य तीन गोष्टी बघे. साठ्यातली द्रव्ये जुनी होऊन निःसत्त्व झाली आहेत का? महाग द्रव्याच्या जागी स्वस्त द्रव्य घातले आहे का? वजने खरी आहेत का? बदली द्रव्ये सरसकट निषिद्ध नव्हती. ‘अमुक नसेल तर तमुक’ अशा मान्य याद्या होत्या, त्यांना लॅटिनमध्ये ‘क्विड प्रो क्वो’ म्हणत. दोष होता तो न सांगता बदल करण्याचा. वैद्य आणि औषधविक्या यांनी धंद्यात भागी करू नये हा दंडक सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने तेराव्या शतकात सिसिलीसाठी घातला होता, आणि जर्मन शहरांनीही पुढे त्याच धर्तीचे नियम केले. औषध लिहिणाऱ्यालाच विक्रीतला वाटा मिळाला तर रोग्याला गरजेपेक्षा जास्त औषध दिले जाईल, हा त्यामागचा साधा विचार.

सगळ्यांत जड काम महारोगपरीक्षेचे. भुवयांचे केस गळणे, नाकाचा आकार बदलणे, आवाज घोगरा होणे, बोटांची आणि पोटऱ्यांची संवेदना जाणे ही लक्षणे पाहत. संवेदना सुईने टोचून तपासत. शिरेला छेद देऊन घेतलेले रक्त कापडातून गाळून धूत आणि उरलेला भाग वाळूसारखा रवाळ लागतो का ते बोटाने पाहत. ही रक्तपरीक्षा निरुपयोगी होती, टोचून पाहणे मात्र योग्य होते. महारोगात मज्जातंतू निकामी होतात आणि बधिरपणा हे आजही त्याचे महत्त्वाचे लक्षण मानतात. निर्णय चुकला तर निरोगी माणूस वेशीबाहेरच्या महारोगीगृहात जन्मभर जाई. म्हणूनच चौदाव्या शतकातला फ्रेंच शल्यवैद्य गी द शोलियाक बजावतो की एका लक्षणावर निकाल देऊ नये, निश्चित लक्षणे आणि संदिग्ध लक्षणे वेगळी मोजावीत.

प्रश्न : त्याच्या प्लेगवरच्या पुस्तिकेत काय आहे? त्यातले काही खरोखर उपयोगी होते का?

ही पुस्तिका त्याने १४४६ मध्ये जर्मनमध्ये लिहिली. ती पुष्कळ वर्षे हस्तलिखितातच होती. ११ जानेवारी १४७३ रोजी उल्ममध्ये योहान त्साइनरच्या छापखान्यात ती छापून पूर्ण झाली. उल्ममध्ये तारखेसह छापलेले हे पहिले पुस्तक. नव्या छापखान्याने सुरुवातीलाच वैद्याची पुस्तिका, तीही लोकभाषेतली, हाती घेतली यावरून तिची गरज किती होती ते समजते.

पुस्तिकेचे दोन भाग आहेत. पहिला अजून निरोगी असलेल्यांसाठी, दुसरा प्लेग झालेल्यांसाठी. ही मांडणी तेव्हाच्या प्लेगग्रंथांत रूढ होती आणि त्यामागे एक ठरलेला सिद्धांत होता. १३४८ मध्ये पॅरिसच्या वैद्यकशाखेने राजासाठी निवेदन तयार केले. १३४५ मध्ये कुंभ राशीत शनी, गुरू आणि मंगळ यांची युती झाली, त्यामुळे हवा दूषित झाली आणि ती श्वासावाटे हृदयापर्यंत पोहोचते, असे त्यात म्हटले होते. पुढची शंभर-दीडशे वर्षे सगळे उपाय याच समजुतीवर उभे राहिले.

त्या परंपरेत निरोग्यांसाठीची सूचना सहा गोष्टींभोवती फिरते : हवा, खाणेपिणे, झोप-जागरण, हालचाल-विश्रांती, शरीरात भरणे आणि बाहेर टाकणे, आणि मनाचे आवेग. हवेबाबत सल्ला असा, की उत्तरेकडच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि दक्षिणेकडच्या बंद, कारण दक्षिणेचा वारा उष्ण आणि दमट. घरात जुनिपर या सुगंधी झुडपाची लाकडे जाळा. हात-तोंड व्हिनेगर मिसळलेल्या पाण्याने धुवा. गर्दी टाळा. गरम पाण्याची सार्वजनिक स्नानगृहे टाळा, कारण त्वचेची रंध्रे उघडली की दूषित हवा आत शिरते. आणि सगळ्यांत पुढे तिहेरी आज्ञा : लवकर निघा, लांब जा, उशिरा परता.

औषधांत प्लेगच्या गोळ्या सर्वत्र चालत. कोरफडीचा वाळवलेला रस म्हणजे काळा बोळ, हिराबोळाचा (मिऱ्ह) डिंक आणि केशर या तीन द्रव्यांच्या त्या असत. एका प्रचलित कृतीत काळा बोळ डिंकाच्या दुप्पट आणि केशर डिंकाच्या निम्मे घेत. काळ्या बोळाने जुलाब होतात, म्हणजे ‘बाहेर टाकण्याचे’ काम होई. दुसरे औषध थेरियाक. सापाचे मांस धरून साठ-पासष्ट द्रव्यांचा हा अवलेह अफूयुक्त होता. त्याची छोटी गोळी वाइनमध्ये कालवून देत. अफूमुळे रोग्याला थोडा आराम पडे, त्यापलीकडे काही नाही. यातली कोणतीही कृती घरी करून पाहू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

रोग्यासाठीचा मुख्य उपाय शीर सोडण्याचा, म्हणजे शिरेतून रक्त काढण्याचा, आणि त्याचे नियम फार काटेकोर होते. शरीरातल्या तीन मुख्य अवयवांना विष बाहेर टाकण्याची एकेक जागा आहे, असे मानत. मेंदूसाठी कानामागची आणि मानेची, हृदयासाठी काखेतली, यकृतासाठी जांघेतली. गाठ जिथे आली त्यावरून कोणता अवयव झगडतो आहे ते ठरे आणि त्याच बाजूची शीर सोडत. मानेला गाठ असेल तर त्या बाजूच्या हाताची, डोक्याशी जोडलेली मानली जाणारी शीर, काखेत असेल तर हाताची मधली, जांघेत असेल तर त्याच पायाची घोट्याजवळची. उलट बाजूची शीर सोडली तर विष शरीर ओलांडून हृदयावरून ओढले जाईल, अशी भीती होती. वेळही महत्त्वाची. लक्षणे दिसल्यावर काही तासांत शीर सोडायची आणि तोवर रोग्याला झोपू द्यायचे नाही, कारण झोपेत रक्त आत खोल जाते आणि त्याबरोबर विषही.

आता उपयोगाचे. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये अलेक्सांद्र येर्सँ याने शोधला. उंदीर आणि पिसवांमार्फत तो पसरतो हे त्यानंतर सिद्ध झाले. त्या ज्ञानाच्या उजेडात पाहिले तर शीर सोडणे हानिकारकच होते. ज्वराने खचलेल्या रोग्याचे रक्त काढून त्याला आणखी दुबळे केले जाई. धूर आणि व्हिनेगर यांचा मूळ कारणाशी संबंध नव्हता. लवकर निघून जाण्याचा आणि गर्दी टाळण्याचा सल्ला मात्र खरा ठरला, विशेषतः फुप्फुसाच्या प्लेगात, जो खोकल्यातून पसरतो. पण गाव सोडणे ज्याला परवडते त्यालाच तो पाळता येई. राहावेच लागणाऱ्यांसाठी बाकीचा मजकूर होता, आणि तो लॅटिनमध्ये न लिहिता जर्मनमध्ये लिहिण्याचे कारणही तेच. उपाय चुकीचे होते, पण सूचना कुणासाठी लिहायची याची त्याची समज बरोबर होती. त्याच्याकडे आदराने पाहण्यासारखे जे आहे, ते इथे आहे.

प्रश्न : मी जुन्या युरोपीय औषधकृती मराठीत आणतो आहे. मापांचा घोळ होतो. काय काळजी घ्यावी?

औषधविक्यांची मापे व्यापाऱ्यांच्या मापांपेक्षा वेगळी होती, ही पहिली अडचण. औषधी पौंड बारा औंसांचा, औंस आठ ड्रामांचा, ड्राम तीन स्क्रुपलांचा, स्क्रुपल वीस ग्रेनांचा. म्हणजे एका औंसात चारशे ऐंशी ग्रेन. बाजारात मात्र पौंड बहुधा सोळा औंसांचा असे. कृतीत नुसता ‘पौंड’ शब्द दिसला तर आधी तो कोणता हे ठरवा, मगच आकडा लिहा. शिवाय ही वजने शहरागणिक थोडी वेगळी होती. न्यूरेंबर्गचे औषधी पौंड, सुमारे ३५८ ग्रॅमचे, पुढे जर्मन प्रदेशात प्रमाण मानले गेले, पण ते सोळाव्या शतकात. पंधराव्या शतकातल्या कृतीला ग्रॅमचे अचूक आकडे लावू नका, प्रमाण तेवढे द्या.

दुसरी अडचण खुणांची. ड्रामची खूण तीनच्या आकड्यासारखी दिसते आणि औंसाच्या खुणेला वर एक जादा वळसा असतो. नक्कल करणाऱ्याचा तो वळसा सुटला की मात्रा एकदम एक-अष्टमांश होते, आणि चुकून जोडला गेला की आठपट. जुलाबाच्या किंवा अफूच्या कृतीत आठपट म्हणजे रोगी दगावणे. म्हणून एकच कृती शक्यतो दोन प्रतींतून तपासावी, आणि एकूण वजन द्रव्यांच्या बेरजेशी जुळते का ते पाहावे.

तिसरी अडचण ‘मूठभर’ आणि ‘चिमूट’ या मापांची. लॅटिनमध्ये पूर्ण मुठीसाठी एक शब्द आहे आणि तीन बोटांत मावेल एवढ्यासाठी दुसरा. दोन्हींना मराठीत ‘थोडे’ म्हणू नका. मूळ लेखकाने फरक केला आहे, तो टिकवा.

प्रश्न : ‘शब्दाला शब्द नव्हे, अर्थाला अर्थ’ असे त्याचे वचन सांगितले जाते. म्हणजे तो मनाला येईल तसे बदल करत होता का?

नाही. इसापच्या प्रस्तावनेत तो स्वतःच सांगतो, की हे पुस्तक साधे आणि समजेल असे जर्मन केले आहे, शब्दाला शब्द नव्हे तर अर्थाला अर्थ ठेवून. कल्पना जुनीच, बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या संत जेरोमपर्यंत थेट मागे जाणारी. पण त्या वेळी ती उच्चारणे म्हणजे एका चालू वादात बाजू घेणे होते.

दुसऱ्या बाजूला निक्लास फॉन वीले होता. तो १४४७ पासून एस्लिंगेनचा नगरलेखक होता, म्हणजे श्टाइनहोवेल १४४९ मध्ये तिथे वैद्य असताना हे दोघे एकाच गावात होते. वीलेचे मत असे, की चांगल्या लॅटिनची रचना जर्मनमध्ये जशीच्या तशी उतरली पाहिजे, मग ती सामान्य माणसाला कळो वा न कळो. लॅटिनच्या साच्यात पडून जर्मन घडेल, अशी त्याची आशा होती. ती भूमिका हास्यास्पद नाही, कारण प्रौढ गद्य असेच कुठून तरी वळण उचलत घडते. पण वाचकाला मध्येच थांबावे लागते.

अडचण एका रचनेतून दाखवता येईल. लॅटिनमध्ये दोन शब्दांत ‘लांडगा पाहिला गेला असता’ असे म्हणता येते, आणि त्यात कोणी पाहिला हे सांगावे लागत नाही. वीलेच्या पद्धतीने गेलो तर वाक्य ‘दिसलेल्या लांडग्याने कोकरू पळाले’ असे काहीतरी होईल. श्टाइनहोवेलच्या पद्धतीने ‘कोकराला लांडगा दिसला, तसे ते पळाले’ असे होते. इथे शब्द वाढले आणि कर्ता उघड झाला, पण आशय रेसभरही हलला नाही. त्याचे बहुतेक बदल याच जातीचे आहेत. लांब लॅटिन वाक्य तो दोन-तीन तुकड्यांत फोडतो. एका लॅटिन शब्दाचा अर्थ एका जर्मन शब्दात मावला नाही तर जवळचे दोन शब्द जोडीने ठेवतो.

तो गाळतोही, आणि ते लपवत नाही. पोज्जोच्या विनोदी किश्श्यांतले अश्लील भाग त्याने बरेच बाहेर ठेवले. तरीही जे उरले ते पुढच्या पिढीला खटकले. मार्टिन लूथर १५३० मध्ये कोबुर्गच्या किल्ल्यात असताना स्वतः इसाप जर्मनमध्ये आणू लागला, ते प्रचलित जर्मन इसाप त्याला ओंगळ वाटला म्हणून.

त्याने काय काय एकत्र केले, हेही पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला रिनुच्चो या इटालियन अनुवादकाच्या लॅटिनवरून घेतलेले इसापचे चरित्र. मग ‘रोमुलस’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहाची चार पुस्तके, प्रत्येकी वीस कथा. नंतर त्या संग्रहाबाहेरच्या सतरा, रिनुच्चोकडच्या सतरा, आव्हियान या रोमन कथाकाराच्या सत्तावीस. शेवटी मध्ययुगीन स्पेनमधला लेखक पेत्रुस अल्फोन्सी आणि पोज्जो यांच्या निवडक. उल्मच्या आवृत्तीत लॅटिन आणि जर्मन दोन्ही मजकूर आहेत, आणि रोमुलसच्या पहिल्या तीन पुस्तकांत लॅटिन पद्यही. म्हणजे अनुवाद मुळाशी ताडून पाहण्याची सोय त्याने स्वतःच करून दिली. मनमानी करणारा अनुवादक मूळ शेजारी छापत नाही. सोबत विषयांची सूचीही आहे. मत्सर, कृतघ्नता, मैत्री असे विषय काढून त्यावरची कथा शोधता येते. वैद्यकाच्या पुस्तकात रोगाचे नाव काढून उपाय शोधावा, तसेच हे.

प्रश्न : बोकाच्चोच्या ‘डेकामेरॉन’ या कथासंग्रहाचा पहिला जर्मन अनुवादही त्याचाच, असे वाचले. खरे का?

नाही. तो अनुवाद उल्मलाच, त्साइनरच्याच छापखान्यात १४७० च्या दशकात निघाला आणि अनुवादकाने स्वतःचे नाव ‘आरिगो’ असे दिले आहे. आरिगो हे हाइनरिखचेच इटालियन रूप, त्यामुळे गल्लत झाली. १८६० मध्ये आडेल्बर्ट फॉन केलरने तो ग्रंथ श्टाइनहोवेलच्या नावावर प्रसिद्ध केला आणि ती चूक पसरली. पुढच्या अभ्यासकांनी भाषा तपासून दाखवले, की आरिगोचे जर्मन वेगळ्या वळणाचे आहे आणि इटालियन वाक्यांना चिकटून जाणारे आहे. जुन्या ग्रंथसूच्यांत चुकीची नोंद अजून भेटते.

बोकाच्चोचे त्याने केलेले काम वेगळे : प्रसिद्ध स्त्रियांच्या चरित्रांचा लॅटिन ग्रंथ. तो जर्मन अनुवाद त्याने १४७३ मध्ये ऑस्ट्रियाचा ड्यूक झिगिस्मुंड याची पत्नी एलेओनोरे हिला अर्पण केला. सोशिक ग्रिझेल्डिसची गोष्ट त्याने जर्मनमध्ये आणली ती पेत्रार्कच्या लॅटिनवरून, बोकाच्चोच्या इटालियनवरून नव्हे. तीही बरेचदा ‘डेकामेरॉन’च्या खात्यात टाकली जाते.

प्रश्न : माझ्याकडे इसापच्या कथेचे एक जुने छापील पान आहे, लाकडी ठशाचे चित्र आहे. उल्मच्या आवृत्तीचे असेल का?

तसे असण्याची शक्यता फार कमी, पण तपासायचा मार्ग सांगतो. उल्मची आवृत्ती योहान त्साइनरने १४७६-७७ च्या सुमारास छापली, तिच्यावर साल नाही. तिच्यात सुमारे १९० ठसे आहेत. सुरुवातीला पानभर उभा इसाप, कुबडा, भोवती त्याच्या गोष्टींतल्या वस्तू. या चित्रांची नक्कल इतक्या ठिकाणी झाली की ‘तेच चित्र’ दिसणे हा काहीच पुरावा नाही. ज्युलियाँ माशोचा फ्रेंच अनुवाद लियोंला १४८० मध्ये निघाला, त्यावरून विल्यम कॅक्स्टन या इंग्रज मुद्रकाने इंग्रजी केला आणि १४८४ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापला. स्पॅनिश १४८० च्या दशकात सारागोसाला आला. १५०१ मध्ये झेबास्टियान ब्रांट या जर्मन लेखकाने बाझेलला आपली वाढवलेली लॅटिन आवृत्ती काढली. चित्रेही या आवृत्त्यांबरोबर फिरली.

पहिली परीक्षा दिशेची. नक्कल करणारा कारागीर छापील चित्रच नव्या फळीवर उतरवून कोरत असे. कोरलेली फळी छापली की चित्र उलटे येते. लांडगा मुळात डावीकडे असेल तर नकलेत उजवीकडे जातो. म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयाने उल्मची प्रत डिजिटल करून ठेवली आहे, तिच्याशी ताडून पाहा.

दिशा जुळली तरी ठसा तोच असेलच असे नाही, आणि ठसा तोच असला तरी आवृत्ती तीच असेलच असे नाही. मूळ ठसे पुढे आउग्सबुर्गला गेले. तिथे गुंथर त्साइनरने आणि नंतर आंटोन झोर्गने ते फक्त जर्मन मजकुरासह वापरले. लॅटिन गाळले की कागद वाचतो आणि ज्याला लॅटिन येत नाही असा गिऱ्हाईक मिळतो, हे उघड कारण. म्हणून दुसरी परीक्षा मजकुराची. पानावर किंवा त्याच्या पाठीवर लॅटिन कथा असेल तर आउग्सबुर्गच्या या आवृत्त्या बाद होतात. आपल्या लेखकाचा प्रकाशक योहान की गुंथर, हा घोळही इथेच होतो. दोघे रॉयट्लिंगेनचे आणि एकाच घराण्यातले. योहान उल्मला, गुंथर आउग्सबुर्गला.

तिसरी परीक्षा झिजेची, आणि ती सगळ्यांत बोलकी. ठसा छपाईच्या खिळ्यांच्या (अक्षरांच्या) बरोबर उंचीचा करून मजकुराबरोबर एकाच फर्म्यात, म्हणजे छपाईच्या चौकटीत, आवळत. जरा बुटका राहिला तर चित्र फिके उठते, जरा उंच राहिला तर त्याच्या भोवतीच्या ओळी नीट उमटत नाहीत. कागद ओलसर करून छापत, फर्मा धुवत, त्यामुळे फळी भिजून वाळत राहते. फळी लाकडाच्या उभ्या तंतूंच्या दिशेने कापलेली असल्याने तडा त्याच दिशेने जातो, आणि छापात ती एक सरळ पांढरी रेघ होऊन दिसते. सगळ्यांत आधी तुटते ती चित्राची चौकट, कारण ती कडेला असते आणि बारीक असते. चौकटीतल्या फटी मोजा. एकाच ठशाच्या दोन छापांत ज्यात फटी जास्त, तो नंतरचा. तुटलेला भाग सहसा पुन्हा जोडला जात नसे, त्यामुळे हा क्रम बहुधा उलटत नाही. लहान गोल पांढरे ठिपके दिसले तर ती फळीला लागलेल्या किडीची भोके.

चौथी परीक्षा कागदाची. पान उजेडासमोर धरा. हाताने केलेल्या कागदात एकमेकांपासून काही अंतरावर जाड रेषा दिसतात. फोलिओ आकाराच्या, म्हणजे कागद एकदाच दुमडून केलेल्या पुस्तकात त्या उभ्या असतात. उल्मचा इसाप फोलिओ आहे. रेषा आडव्या असतील तर पान क्वार्टो आकाराच्या (कागद दोनदा दुमडलेल्या) पुस्तकातले, म्हणजे दुसरेच काही. रेषाच नसतील, किंवा भिंगातून चित्रात ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते अलीकडचे पुनर्मुद्रण. रंगांवर विसंबू नका. ठशाच्या चित्रांना हाताने रंग देत आणि तो शेकडो वर्षांनंतरही दिलेला असू शकतो.

प्रश्न : मूळ जर्मन वाचायचे आहे. आधुनिक जर्मन येते. सुरुवात कुठून करू?

हेर्मान ओस्टरलाय याने १८७३ मध्ये संपादित केलेला श्टाइनहोवेलचा इसाप घ्या. तो रोमन अक्षरांत आहे. मूळ छापाकडे वळण्याआधी यातल्या वीसेक कथा वाचल्या तर भाषा अंगवळणी पडते. चरित्राने सुरुवात करू नका, ते लांब आहे. पहिल्या पुस्तकातली लांडगा-कोकराची कथा घ्या, कारण आशय माहीत असल्याने शब्द आपोआप उलगडतात.

श्वाबियन वळणाच्या काही गोष्टी सुरुवातीला अडवतात. आजच्या जर्मनमध्ये जिथे ‘आय’ किंवा ‘आउ’ उच्चार आहे तिथे या मजकुरात बरेचदा ‘ई’ किंवा ‘ऊ’ दिसेल. ‘माझा’साठी ‘माइन’ऐवजी ‘मिन’, ‘घर’साठी ‘हाउस’ऐवजी ‘हूस’. शब्द मोठ्याने वाचा आणि हा बदल करून पाहा, निम्मे अडखळणे तिथेच संपते. नामे मोठ्या अक्षराने सुरू होत नाहीत, त्यामुळे वाक्यातली नामे स्वतः शोधावी लागतात. स्वल्पविरामाच्या जागी तिरकी रेघ असते आणि ती व्याकरणाप्रमाणे नव्हे तर वाचताना श्वास घ्यावा तिथे येते.

मूळ छापात आणखी दोन अडचणी. स्वरावर आडवी रेघ असेल तर पुढे ‘न’ किंवा ‘म’ धरायचा. ओळ भरत आली की जुळारी (खिळे जुळवणारा) जागा वाचवण्यासाठी ही खूण वापरतो, म्हणून एकच शब्द एका ओळीत पूर्ण आणि पुढच्या ओळीत आखूड दिसतो. आणि ‘स’चे लांब रूप ‘फ’च्या रोमन अक्षरासारखे दिसते. फरक आडव्या दांडीचा : ‘फ’ला ती उभ्या रेषेच्या आरपार जाते, लांब ‘स’ला उजवीकडे अजिबात नसते.